त्यांना बाई वकील हवी होती

सरांनी केबिनमध्ये बोलावलं तेव्हा मी एका अपघाताच्या केसचा युक्तिवाद लिहीत होते. शनिवारची दुपार होती. आमचं ऑफिस कासारवाडीला, मेट्रोच्या पुलासमोरच्या इमारतीत. सर म्हणजे आमचे सीनियर वकील. चाकण, भोसरीच्या कारखान्यांच्या कामगार केसेस ते कंपन्यांच्या बाजूने चालवायचे. कॉलेज संपल्यापासून मी त्यांच्याकडेच होते.

"बस," ते म्हणाले. "पुढच्या महिन्यापासून हे ऑफिस तू बघायचंस. सगळं. माझं वय झालं आता."

"मी?"

"मग कोण? इतकी वर्षं तूच चालवतेस. आता पाटीवर तुझं नाव लावू."

हे वाक्य मी कितीतरी वेळा मनातल्या मनात त्यांच्या तोंडी घातलं होतं. प्रत्यक्ष ऐकलं तेव्हा मात्र आनंद झाला नाही. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. साक्षीदार पाठ केलेलं बोलायला लागला की तो समोर बघत नाही, कठड्याच्या कडेकडे बघतो. सर टेबलाच्या कडेकडे बघत होते.

मला संशय यायला कारण होतं. सरांचा पुतण्या माझ्यानंतर बऱ्याच वर्षांनी ऑफिसात आला. कैफियत कशी लिहायची हे त्याला मी शिकवलं. भागीदार मात्र तो आधी झाला. तेव्हा सर मला म्हणाले होते, "तुझा मुलगा लहान आहे अजून, तुझी ओढाताण होईल." ओढाताणीची तक्रार मी कधी केली नव्हती. मुलगा माझ्या सासूबाईंकडे मजेत होता. पण मी गप्प बसले, आणि पुतण्याने भरायचे भागीदारीचे अर्ज त्याच्याकडे नेऊन दिले. आता तोच पुतण्या माझ्या हाताखाली काम करणार होता, आणि सरांना अचानक माझी आठवण झाली होती.

सोमवारी पुतण्या पेढे घेऊन आला. पार्किंगची जागा गेली तरी आठवडाभर तोंड पाडून बसणारा हा माणूस. आज त्याच्या हातून केबिन चालली होती आणि तो सगळ्यांना आग्रह करकरून पेढे देत होता.

"ताई, अभिनंदन. खरं म्हणजे हे आधीच व्हायला हवं होतं."

"आधी का नाही झालं मग?" मी विचारलं.

तो हसला आणि पेढ्यांचा खोका घेऊन पुढच्या टेबलाकडे गेला.

त्या आठवड्यात मी जिथे जाईन तिथे बोलणं थांबायचं. आमचे क्लार्क सरांइतकेच जुने. मला कायम ताई म्हणायचे, ते मॅडम म्हणायला लागले. बुधवारी एक फोटोग्राफर आला. आमच्या ऑफिसची वेबसाइट होती, पण ती कुणी उघडून पाहिल्याचं मला आठवत नाही. तिच्यावर माझा फोटो टाकायचा होता. मी म्हटलं, सगळ्यांचा मिळून काढू. सर म्हणाले, "आम्ही कशाला मध्ये? तुझाच असू दे." कायद्याच्या पुस्तकांच्या कपाटासमोर मला एकटीला उभं केलं. काळा कोट, पांढरी साडी. फोटोग्राफर म्हणाला, "मॅडम, थोडं हसा." मी हसले, पण फोटोत मी कुणाची तरी वाट बघत असल्यासारखी दिसते.

घरी नवऱ्याला सगळं सांगितलं. आम्ही पुनावळ्याला राहतो. तो भांडी विसळत होता. म्हणाला, "तू वकील आहेस म्हणून तुला सगळे आरोपी दिसतात. एखादी गोष्ट सरळही असते गं."

असेलही, असं मी स्वतःला बजावलं. मिळालेलं सुखाने घेता येत नाही असा माझाच काही दोष असेल. पण झोपताना पुन्हा तेच डोक्यात. आत्ताच का?

रविवारी कुरुळीला आईकडे गेले. आमची थोडी जमीन तिथे होती. अर्ध्याहून जास्त कंपन्यांत गेली. उरलेल्या तुकड्यावर भावाने कामगारांसाठी खोल्या बांधल्यात. आई ओट्यावर मेथी निवडत बसली होती. तिला वाटलेलं ती सरळ बोलते.

"यवढं ग्वाड कशापायी बोलत्यात तुज्याशी?" तिने विचारलं.

"तेच कळत नाही."

"जमिनीसाठी दलाल आला व्हता तवा त्येनं बी पेढं आणलं व्हतं. तुझ्या बापाला भाऊ, भाऊ म्हनत व्हता. जमीन गेली, मंग वळखंना बी."

"मग काय करू? नको म्हणू?"

तिने मेथीच्या काड्या बाजूला सारल्या. "नगं कशाला म्हंतीस? तुज्या हक्काचं हाय, घ्ये. पर कशासाठी देत्यात त्ये आदी बघ."

महिना उलटला. मी केबिनमध्ये बसायला लागले. पहिल्याच आठवड्यात पुतण्या म्हणाला, चाकणच्या आपल्या मोठ्या अशिलाकडे जायचंय, त्यांनी तुम्हाला भेटायचं म्हटलंय. ती गाड्यांचे सुटे भाग बनवणारी कंपनी होती. आमच्या कामाचा मोठा भाग तिच्याकडून यायचा. मी तिथे आधीही अनेकदा गेले होते. दरवेळी गेटवर पास, मग स्वागतकक्षात ताटकळणं. तिथला एचआर मॅनेजर माझ्याशी क्वचितच बोलायचा. मी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तरही पुतण्याकडे बघून द्यायचा.

त्या दिवशी तळेगाव चौकातल्या कोंडीत आम्हाला भरपूर उशीर झाला. तरी तो मॅनेजर स्वतः गेटवर उभा होता. "मॅडम, तुम्ही आलात, फार बरं वाटलं," म्हणाला. मीटिंगच्या खोलीत त्याने खुर्ची मागे ओढून दिली. काजू, बिस्किटं, चहा. मी पुतण्याकडे पाहिलं. तो मोबाइल बघत होता.

मग मॅनेजरने केस काढली. असेंब्लीच्या लाइनवर काम करणाऱ्या एका बाईने सुपरवायझरविरुद्ध तक्रार केली होती. तो अंगाला हात लावतो, नको ते बोलतो, नाही म्हटलं की अवघड जागी काम लावतो, असं तिचं म्हणणं. कंपनीच्या समितीने तक्रारीत तथ्य नाही म्हणून सांगितलं. त्यानंतर थोड्याच दिवसांत गैरहजेरी आणि खोटी तक्रार ही कारणं दाखवून तिला कामावरून काढलं. ती पुण्याच्या कामगार न्यायालयात गेली होती.

"आता तिची साक्ष येईल," मॅनेजर म्हणाला. "उलटतपास तुम्ही स्वतः घ्यायचा. आमच्या वरच्या लोकांची तशी इच्छा आहे."

"ही केस तर हाच बघत होता," मी पुतण्याकडे हात केला.

"मॅडम जास्त चांगला घेतील," पुतण्या लगेच म्हणाला. मोबाइलवरून नजर न उचलता.

परतताना गाडीत मी त्याला विचारलं, "तू ही केस का सोडलीस?"

"सोडली कुठे? तुम्ही प्रमुख आहात. मोठ्या केसेस तुम्हीच बघणार ना?"

"यापेक्षा मोठ्या केसेस तुझ्याकडे आहेत. त्या नाही दिल्यास मला."

त्याने खिडकीची काच खाली केली. मग म्हणाला, "ताई, तुम्हाला काही चांगलं झालेलं पचतच नाही का?"

हेच मी स्वतःलाही विचारत होते.

तारखेला आम्ही पुण्याला कोर्टात गेलो. तिचं साक्षीचं प्रतिज्ञापत्र दाखल झालं आणि उलटतपासाला पुढची तारीख मिळाली. मी तिला पहिल्यांदा पाहिलं. तिशीतली, किडकिडीत, इस्त्री केलेला पंजाबी ड्रेस. मराठवाड्यातून आलेली. नवरा गावाकडे, ती इथे मुलीला घेऊन राहायची. खोली कुरुळीत, माझ्या माहेरापासून हाकेच्या अंतरावर. तिचे वकील युनियनचे म्हातारे वकील होते. त्यांच्याशी बोलताना ती सारखी माझ्याकडे बघत होती.

कोर्टात बायकांच्या स्वच्छतागृहाबाहेर नेहमी रांग असते. वादी असो, प्रतिवादी असो, वकील असो, सगळ्या तिथेच. मी उभी होते, ती येऊन माझ्या मागे उभी राहिली.

"तुमी कंपनीच्या वकील ना?"

"हो. पण केसबद्दल मला तुमच्याशी बोलता येणार नाही. तुमच्या वकिलांशी बोला."

"केसबद्दल न्हाई बोलत," ती म्हणाली. "तुमच्याबद्दल बोलतेय. पहिलं ते तुमच्यासंगचे सर यायचे. आता तुमाला कामून आणलं?"

मी पर्स दुसऱ्या खांद्यावर घेतली.

"बाई म्हणूनच आणलं ना?" तिचा आवाज चढला नव्हता. एखाद्या दुकानात भाव विचारावा तसं तिने विचारलं. रांग पुढे सरकली, मी आत गेले. बाहेर आले तेव्हा ती माझ्याकडे न बघता आत गेली.

गाडीत बसल्यावर मला तिचा राग आला. ओळख ना पाळख, आणि मला असं विचारते. नाशिक फाट्यापर्यंत तो राग टिकला. मग लक्षात आलं, इतके दिवस मी स्वतःला जे विचारत होते तेच तिने विचारलं होतं, फक्त सोप्या शब्दांत.

उलटतपासाच्या आधी सूचना घ्यायला मी चाकणला एकटी गेले. पुतण्याला मुद्दाम नेलं नाही. मॅनेजर तयारीतच होता. हजेरीबद्दल तो फारसं बोलला नाही. त्याला दुसरेच प्रश्न हवे होते. दुसऱ्या शिफ्टनंतर तिला खोलीवर कोण सोडायचं. नवरा गावाकडे का राहतो. सुपरवायझरला तिने स्वतःहून किती वेळा फोन केले. खंडेनवमीच्या पूजेला ती एवढी नटूनथटून, गजरा माळून का आली होती.

"पूजेला सगळ्याच बायका साडी नेसून येतात," मी म्हटलं. "याचा गैरहजेरीशी काय संबंध?"

"संबंध लागतो मॅडम. असे दोन-चार प्रश्न झाले की या बायका आपोआप केस सोडतात. गावाकडे कळेल म्हणून घाबरतात."

"हे प्रश्न आमच्या सरांच्या पुतण्यानेही विचारले असते की."

तो हसला. "पुरुषाने विचारलं की जज्जसाहेब लगेच थांबवतात. उद्या पेपरात येतं. बाईने बाईला विचारलं की वेगळं दिसतं. म्हणून तर आम्ही सरांना म्हटलं, कुणीतरी लेडीज पुढे करा. आमच्या परदेशातल्या गिऱ्हाइकांनाही बरं वाटतं, वकिलांच्या ऑफिसात बाई प्रमुख आहे म्हणून."

तो हे अगदी सहज म्हणाला. मला ठाऊक आहे असंच त्याने धरलं होतं. माझा चहा आला होता. मी कप उचलला आणि परत ठेवला. खरं सांगायचं तर आधी मला सुटल्यासारखं वाटलं. माझं डोकं फिरलेलं नव्हतं, मला काही पचत नाही असंही नव्हतं. मग दुसरी बाजू ध्यानात आली. इतक्या वर्षांचं माझं काम, आणि यांच्या उपयोगाचं एवढंच होतं, की मी बाई आहे.

मी तिथून थेट सरांच्या घरी गेले, चिंचवडला. ते बाल्कनीत कुंड्यांना पाणी घालत होते.

"त्यांनी तुम्हाला बाई मागितली होती?" मी उभ्यानेच विचारलं.

त्यांनी झारी खाली ठेवली. "बस आधी."

"मागितली होती का?"

"मागितली होती," ते म्हणाले. "पण तुला प्रमुख करायचं माझ्या मनात होतंच. मी तुझ्या काकूंशीही बोललो होतो. विचार तिला."

"आधी काय झालं? तुमच्या मनात आलं ते, की त्यांचा फोन?"

सरांनी एका कुंडीतलं पिवळं पान खुडलं. "दोन्ही एकाच सुमाराला झालं. आता नक्की नाही आठवत."

जुन्यात जुन्या केसमध्ये कोणत्या तारखेला कोण गैरहजर होतं हे न बघता सांगणारा माणूस. मी म्हटलं, "सर, तुम्हाला आठवत नाही असं मी पहिल्यांदाच ऐकतेय."

त्यांना ते लागलं असावं. म्हणाले, "तू मला कोर्टात उभं केल्यासारखं विचारू नकोस. कारण काहीही असो, जागा तुझीच आहे. तू ती चांगली सांभाळशील हे मला माहीत आहे."

"जागा मी सांभाळते. मग कोणती केस कशी चालवायची हे मी ठरवणार."

"ठरव."

"ती कंपनी जाईल."

त्यांनी झारी पुन्हा उचलली. मी निघाले तेव्हा काकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. त्यांना विचारायचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण त्या हो म्हणाल्या असत्या तरी मला वाटलं असतं की त्यांना पढवून ठेवलंय. मी चप्पल घातली आणि निघाले.

रात्री नवरा म्हणाला, राजीनामा दे. मी तसा विचार केलाही. पण मी गेले असते तर खुर्ची पुतण्याला मिळाली असती, आणि ते प्रश्न विचारायला कुणीतरी दुसरी मुलगी उभी केली असती. शिवाय ती खुर्ची माझ्याच कामावर उभी होती. ज्यांनी ती चुकीच्या कारणासाठी दिली त्यांच्यासाठी ती का सोडायची?

सोमवारी मी मॅनेजरला फोन केला. हजेरीवर आणि तक्रारीतल्या प्रसंगांवर मी उलटतपास घेईन, तिच्या कपड्यांवर आणि नवऱ्यावर एकही प्रश्न विचारणार नाही, असं सांगितलं. आणि माझा सल्ला विचाराल तर तडजोड करा, तिला कामावर परत घ्या. समितीने तिच्या साक्षीदारांना बोलावलंसुद्धा नाही, हे कोर्टात टिकणार नाही.

"मग मॅडम, तुम्हाला घेऊन आमचा उपयोग काय झाला?" तो म्हणाला.

त्याच आठवड्यात त्यांनी सगळी वकीलपत्रं काढून घेतली. त्यांचा माणूस येऊन फायली घेऊन गेला, एक अख्खं कपाट रिकामं झालं. पुतण्या त्या कपाटासमोर उभा राहून म्हणाला, "एका अनोळखी बाईपायी ऑफिस बुडवणार तुम्ही." त्याने पुन्हा कधी मला ताई म्हटलं नाही. मॅडमही नाही. पण ऑफिस सोडून गेलाही नाही. तो का थांबला, हेही मला अजून नीट कळलेलं नाही.

एक गोष्ट मात्र घडली. बाकीचे अशील बिथरतील असं मला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. नंतर क्लार्ककडून कळलं की सरांनी एकेकाला स्वतः फोन करून सांगितलं होतं, आता सगळे निर्णय त्या घेतात, माझ्याकडे येऊ नका. हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. वाटलंही. पण ते माझ्यासाठी केलं की टोचणी लागली म्हणून केलं, हा प्रश्न उरलाच. सरांना मी तो विचारला नाही. ते अजून अधूनमधून येतात, चहा घेतात, निकालांबद्दल बोलतात. आम्ही त्या बाल्कनीतल्या बोलण्याकडे पुन्हा वळलेलो नाही.

त्या केसचं पुढे काय झालं ते युनियनच्या वकिलांनी सांगितलं. कंपनीने पुण्यातल्या एका मोठ्या ऑफिसला ती दिली, आणि त्यांनीही एक बाईच उभी केली. मी तिला कोर्टाच्या व्हरांड्यात पाहिलं होतं. कोवळी मुलगी, फाइल छातीशी धरलेली.

मी जवळ जाऊन विचारलं, "उलटतपास तूच घेणार?"

"हो मॅडम. माझी पहिली मोठी केस आहे. सरांनी विश्वासाने दिलीय."

"प्रश्न कुणी काढलेत?"

तिने माझ्याकडे निरखून पाहिलं. ही केस आमच्याकडून गेली होती हे तिला कुणीतरी सांगितलेलं असणार. "ते आमचं आम्ही बघू, मॅडम," ती म्हणाली आणि दोन पावलं मागे सरकली. तिला वाटलं मी जळते आहे. तिच्या जागी मी असते तर मलाही तेच वाटलं असतं.

तिने ते प्रश्न विचारले. काही साहेबांनी थांबवले, काही थांबवले नाहीत. युनियनचे वकील सांगत होते, गजऱ्याचा प्रश्न आला तेव्हा त्यांची अशील म्हणाली, "खंडेनवमीला माज्या मशिनला बी हार घातला व्हता." आणि पुढच्या प्रश्नाची वाट बघत उभी राहिली. तिने केस सोडली नाही. निकाल तिच्या बाजूने लागला, कंपनी वरच्या कोर्टात गेली, आणि शेवटी तडजोड झाली. ती त्या कंपनीत परत गेली नाही. भोसरीला दुसरीकडे काम करते, मुलीची शाळाही तिकडेच. कुरुळीची खोली तिने सोडली. मी तिच्याशी पुन्हा कधी बोलले नाही.

आमच्या ऑफिसात आता दोन मुली आहेत. त्यातली एक फार तयारीची आहे. मागच्या महिन्यात एका मोठ्या अशिलाचं सगळं काम मी तिच्याकडे द्यायचं ठरवलं. तिला बोलावून सांगितलं. ती उभीच राहिली.

"मलाच का, मॅडम?" तिने विचारलं.

मी तिला जे होतं ते सगळं सांगितलं. तिचं काम चांगलं आहे हे सांगितलं. पुतण्याला ते काम द्यायची माझी इच्छा नाही हेही सांगितलं. आणि त्या अशिलाने, तुमच्याकडे कुणी महिला वकील आहे का, असं फोनवर विचारलं होतं हेही लपवलं नाही.

"त्यांनी का विचारलं?" ती म्हणाली.

"मी विचारलं त्यांना. म्हणाले, सहजच. मला पटलं नाही. तूही लक्ष ठेव."

ती माझ्याकडे बघत होती. माझ्यावर तिचा पूर्ण विश्वास बसलेला नव्हता, ते दिसत होतं. मी तिची समजूत घालायच्या फंदात पडले नाही.

"विचार करून सांगते," ती म्हणाली.

पुढच्या मंगळवारी ती एक अट घेऊन आली. अशिलाबरोबरच्या पहिल्या बैठकीला तिला एकटीला जायचं होतं, मी नको, पुतण्याही नको. मी हो म्हटलं.